बनिअनचं ऑपरेशन: आत तार, स्क्रू, स्टेपल की प्लेट? नवख्यांसाठी पायरी पायरीने

बनिअनचं, म्हणजे पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेल्या उंचवट्याचं ऑपरेशन करायचं ठरलं की पहिला प्रश्न बहुतेक सगळे हाच विचारतात, आत काय घालणार? तार चांगली का स्क्रू, टायटॅनियमचा का विरघळणारा, आणि नेटवर वाचलेल्या त्या नव्या प्लेटचं काय. पायाच्या रिहॅबमध्ये काम करत असल्याने हे रोज कानावर येतं. प्रश्न चुकीचा नाहीये, फक्त नंबर दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की हाड कापणार कुठे, आणि कापणार का सांधाच फ्यूज करणार (कायमचा जोडून टाकणार). ते एकदा कळलं की आत काय घालायचं याचे पर्याय आपोआप दोन-तीनच उरतात. उलट्या बाजूने सुरुवात केली की माणूस नुसता ब्रॅंडांची तुलना करत बसतो.

पायरी १: एक्सरे उभं राहून काढलाय ना ते बघा

बनिअन म्हणजे हाडावर वाढलेली गाठ असं वाटतं, पण बहुतेक वेळा नवीन हाड फारसं वाढलेलं नसतं. अंगठ्याच्या मागचं लांब हाड, म्हणजे पहिलं मेटाटार्सल, आतल्या बाजूला (दुसऱ्या पायाकडे) सरकतं, अंगठा त्याच्या उलट म्हणजे बाकीच्या बोटांकडे कलतो आणि या दोघांमधला कोपरा बाहेर येऊन चपलेला घासतो. डॉक्टरी भाषेत हॅलक्स व्हॅल्गस. म्हणून नुसता उंचवटा तासून भागत नाही, हाड जागेवर आणावं लागतं, आणि जागेवर आणलेलं हाड जुळेपर्यंत धरून ठेवायला काहीतरी लागतं. त्यालाच फिक्सेशन म्हणतात, बाकी त्यात गूढ काही नाही.

किती वाकडं आहे ते दोन कोनांवरून ठरतं. अंगठा आणि मेटाटार्सल यांच्यामधला कोन साधारण १५ अंशांच्या आत नॉर्मल धरतात आणि पहिल्या-दुसऱ्या मेटाटार्सलमधला ९ अंशांच्या आत. पहिला ४० च्या वर किंवा दुसरा १६ च्या वर गेला की केस सिव्हिअर. हे कोन पायावर वजन टाकून काढलेल्या एक्सरेतच खरे दिसतात, झोपून काढलेल्या फिल्ममध्ये पाय बराच सरळ दिसतो आणि सगळंच कमी वाटतं. तुमची फिल्म झोपून काढलेली असेल तर उभं राहून परत काढायची का हे बिनधास्त विचारा.

आणि हो, दुखत नसेल, फक्त दिसायला बरं नाही म्हणून करायचं असेल तर जरा थांबा. बरेच सर्जन स्वतःच नको म्हणतात आणि बरोबरच म्हणतात.

पायरी २: कोणता कट घेणार ते नावानिशी विचारा

प्रकार शंभरावर आहेत असं म्हणतात, पण तुमच्या कानावर येतील ते चार-पाचच.

शेव्हरॉन: मेटाटार्सलच्या पुढच्या टोकाजवळ आडवा व्ही आकाराचा कट, पुढचं डोकं बाकीच्या बोटांकडे सरकवायचं. कमी ते मध्यम वाकडेपणासाठी. हा कट मुळातच स्थिर असतो, कारण पाय टेकला की जमिनीचा दाब ते डोकं कटमध्ये अजूनच घट्ट बसवतो. ऑस्टिन नावाच्या सर्जनने हे ऑपरेशन मांडलं (१९८१ सालचा पेपर) तेव्हा तर आत काहीच घालत नव्हते, नुसतं दाबून बसवायचे. आज बहुतेकजण एक स्क्रू टाकतात, आणि इथे एक स्क्रू पुरतो.

स्कार्फ: हाडाच्या दांड्यातून लांबलचक झेड आकाराचा कट. शेव्हरॉनपेक्षा जास्त दुरुस्ती होते, कापलेले दोन्ही भाग बऱ्याच लांबीवर एकमेकांना टेकलेले राहतात म्हणून मजबूत, पण हाड ठिसूळ असेल तर एक भाग दुसऱ्याच्या पोकळीत रुतून बसायची भीती असते. साधारण दोन स्क्रू.

एकिन: हा अंगठ्याच्याच हाडात, मेटाटार्सलमध्ये नाही. छोटी पाचर काढून अंगठा सरळ करायचा. एकटा क्वचितच करतात, वरच्यापैकी एखाद्याच्या जोडीला असतो. इथे छोटा स्टेपल (स्टेपलरच्या पिनेसारखा धातूचा आकडा) किंवा एक स्क्रू.

लॅपिडस: यात मेटाटार्सलच्या पार मागचा, पायाच्या मध्यावरचा सांधा फ्यूज करतात. वाकडेपणा जास्त असेल, तो सांधा ढिला असेल किंवा बनिअन परत उलटलं असेल तर. खरी फिक्सेशनची लढाई इथे आहे, त्यामुळे याच्यावर खाली जास्त लिहिलंय.

अंगठ्याच्या सांध्यातच संधिवात झाला असेल तर तो सांधाच फ्यूज करतात, वरून प्लेट आणि एक तिरका स्क्रू किंवा दोन क्रॉस (एकमेकांना छेद देणारे) स्क्रू.

मिनिमली इन्व्हेसिव्ह म्हणजे छोट्या भोकांतून बारीक बरने (ड्रिलसारख्या फिरणाऱ्या पात्याने) हाड कापायचं, सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणारं मशीन) बघत बघत. हा वेगळा आजार नाही की वेगळं फिक्सेशन नाही, पण डोकं बरंच सरकवतात आणि कट स्वतःहून तेवढा धरून राहत नाही, म्हणून इथे स्क्रू जास्त महत्त्वाचे. बहुधा दोन लांब पोकळ स्क्रू, मागून तिरके घालून, त्यातला एक दांड्याची पलीकडची भिंत भेदून पुढे डोक्यात जाऊन रुतलेला. जखम छोटी दिसते म्हणून आतलं काम छोटं असं समजू नका.

पायरी ३: फिक्सेशनकडून अपेक्षा काय ते पक्कं करा

हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे, फ्यूजनला त्याहून जास्त, कधी १२ पर्यंत. आतल्या तारेची-स्क्रूची ड्यूटी तेवढीच. हाड जुळलं की स्क्रू नुसता पडून असतो, भार हाडच घेतं. त्यामुळे "आयुष्यभर टिकेल ना" यापेक्षा "पहिले सहा-आठ आठवडे हलू देणार नाही ना, आणि नंतर टोचणार नाही ना" हे दोन प्रश्न उपयोगाचे.

पायरी ४: आता एकेक साधन

*के-वायर.* साधी स्टीलची टोकदार तार, ड्रिलने हाडातून आरपार. बऱ्याचदा तिचं टोक अंगठ्याच्या बाजूने कातडीबाहेर ठेवतात आणि ४ ते ६ आठवड्यांनी ओपीडीतच काढतात. पेशंट सगळ्यात घाबरतात ते या काढण्याला, आणि खरं सांगायचं तर तिथे घाबरण्यासारखं फार काही नसतं. ड्रेसिंग सोडतात, टोक साफ करतात, पक्कडीने धरून किंचित फिरवत सरळ रेषेत ओढतात, काही सेकंदांत तार बाहेर, भोकावर गॉज दाबून धरतात आणि झालं. विचित्र वाटतं, दुखतं त्या मानाने कमी. खरा त्रास आधीच्या आठवड्यांचा आहे. बाहेर आलेल्या टोकाला काही लागलं की ब्रह्मांड आठवतं, पाय भिजवायचा नाही, आणि तारेच्या भोवती लाल होऊन पाणी यायला लागलं तर इन्फेक्शन धरायचं. शिवाय गुळगुळीत तार दोन हाडं एकमेकांवर दाबत नाही, फक्त ओळीत ठेवते, आणि कधी कधी सैल होऊन सरकते. फायदा असा की स्वस्त, घालायला सोपी आणि शेवटी आत काहीच राहत नाही. जुनी पद्धत म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, योग्य ठिकाणी ती चालते. पण तार सांध्यातून गेलेली असेल तर तेवढे आठवडे अंगठा हलवता येत नाही आणि मग नंतर कडकपणा घालवायला माझ्यासारख्यांकडे जास्त फेऱ्या.

*स्क्रू.* आजचं रोजचं साधन हेच. दोन प्रकार लक्षात ठेवा. डोकं असलेला साधा स्क्रू, आणि बिनडोक्याचा म्हणजे हेडलेस, जो पूर्ण हाडात बुडतो. हेडलेस स्क्रूच्या दोन्ही टोकांना आटे असतात पण दोन्हीकडच्या आट्यांचं अंतर वेगळं, त्यामुळे फिरवत गेलं की पुढचं टोक जास्त वेगाने पुढे जातं आणि दोन हाडं एकमेकांवर घट्ट दाबली जातात. ही युक्ती हर्बर्ट नावाच्या सर्जनने मनगटाच्या स्कॅफॉइड हाडासाठी आणली होती, तिथून ती पायात आली. पायाच्या आतल्या कडेला कातडीखाली चरबी फार नसते, म्हणून डोकं बाहेर नसणं हा नुसता देखणेपणा नाही, बुटात रोज जाणवणारा फरक आहे. बहुतेक हेडलेस स्क्रू पोकळ असतात, आधी बारीक तार घालून एक्सरेत जागा बघतात, पटली तर तारेवरून स्क्रू सरकवतात.

स्क्रूचा दोष म्हणजे ठिसूळ हाडात पकड कमी, आणि लांबी चुकली तर टोक सांध्यात किंवा तळव्याकडे डोकावतं. स्टील का टायटॅनियम यावर मात्र उगाच डोकं खपवू नका. दोन्ही नीट धरतात. टायटॅनियमचा एमआरआयमध्ये डाग कमी पडतो आणि निकेलची अॅलर्जी असेल तर तो बरा, एवढंच.

*स्टेपल.* यात नवीन ते निटिनॉलचे, निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू. पाय फाकवून धरलेला स्टेपल हाडात घालतात, सोडला की तो मूळ आकारात यायला बघतो आणि सतत दाब देत राहतो. हाडाच्या कडा थोड्या झिजल्या तरी दाब टिकतो हे याचं वैशिष्ट्य, स्क्रूला ते जमत नाही. घालायला पटकन. एकिनमध्ये छान, पण तिथे पलीकडची हाडाची पातळ भिंत बिजागरीसारखी शाबूत असायला हवी, ती तुटली तर एकट्या स्टेपलवर भरवसा नको. यात जवळजवळ अर्धं निकेल असतं, तेव्हा नकली दागिन्यांनी खाज-पुरळ येत असेल तर हे ऑपरेशनच्या आधी सांगायचं.

*प्लेट.* शेव्हरॉनला प्लेट सांगितली तर कारण विचारा, कारण साधारणपणे तिथे गरज नसते. लॅपिडसमध्ये मात्र प्लेटचा मुद्दा खरा आहे. १९३४ मध्ये लॅपिडस नावाच्या सर्जनने हे ऑपरेशन मांडलं तेव्हा सांधा कॅटगटच्या (प्राण्यांच्या आतड्यापासून केलेल्या दोऱ्याच्या) टाक्याने बांधलेला असायचा, नंतर क्रॉस स्क्रू आले, मग लॉकिंग प्लेट, म्हणजे जिच्यात स्क्रूचं डोकं प्लेटच्याच आट्यात घट्ट बसतं आणि ठिसूळ हाडातही पकड राहते. हल्ली खूपजण एक दाबणारा स्क्रू अधिक प्लेट असं करतात, काहीजण दोन छोट्या प्लेटी काटकोनात लावतात.

प्लेट कुठल्या बाजूला लावली यानेही फरक पडतो. दोन टोकांवर ठेवलेल्या फळीच्या मधोमध उभं राहिलं की खालची बाजू ताणून फाकायला बघते, चालताना या सांध्याचं तसंच होतं, त्यामुळे तळव्याच्या बाजूची प्लेट ताकदीच्या चाचण्यांमध्ये सरस ठरते. पण तिथे पोचायला जास्त खोल जावं लागतं, स्नायूंच्या नसा-दोऱ्या सांभाळाव्या लागतात. वरच्या बाजूची प्लेट लावायला सोपी पण पायाच्या वर कातडी पातळ, बुटाची नाडी नेमकी तिथेच आवळते आणि मग सहा महिन्यांनी "इथे काहीतरी टोचतंय" सुरू होतं. क्रॉस स्क्रू वाईट आहेत का, तर नाही. सांधा नीट खरवडून तयार केला असेल आणि पेशंटने सांगितलेले आठवडे वजन टाकलं नसेल तर क्रॉस स्क्रूवरही सांधे व्यवस्थित जुळतात. प्लेटने मुख्यतः काय मिळतं, तर लवकर पाय टेकवायची मुभा. घरी एकटे राहत असाल, कुबड्यांवर आठवडेच्या आठवडे काढणं शक्य नसेल तर ही मुभा मोठी आहे, नसेल तर तेवढी नाही.

*विरघळणारे.* ऐकायला सगळ्यात गोड. पॉलिमरचे असतात, मॅग्नेशियमचेही असतात. पुन्हा काढायची कटकट नाही हे खरं, पण धातूपेक्षा नाजूक, काही पॉलिमर जायला वर्षं लागतात, आणि विरघळताना काहींना सूज किंवा इन्फेक्शन नसतानाही पाणी येतं, सुरुवातीच्या पिढीतल्या मटेरियलमध्ये हे जास्त व्हायचं. मॅग्नेशियम विरघळताना हायड्रोजन वायू सुटतो, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांच्या एक्सरेत स्क्रूभोवती काळी कड दिसते. ती बघून दुसरीकडचा डॉक्टर "सैल झालाय" म्हणून घाबरवू शकतो, म्हणून स्क्रू कशाचा आहे ते तुम्हाला माहीत हवं.

*दोरा-बटण.* हाड न कापता पहिलं आणि दुसरं मेटाटार्सल मजबूत दोऱ्याने जवळ ओढायचं. आयडिया चांगली, पण दुसऱ्या हाडात भोक पाडल्यामुळे ते पुढे स्ट्रेस फ्रॅक्चर होऊन तुटल्याच्या केसेस आहेत. मला विचाराल तर पहिली पसंती म्हणून नको.

पायरी ५: स्वतःच्या बाजूने तुलना करा

आता कागद घ्या आणि साधनांची नावं बाजूला ठेवून स्वतःबद्दल लिहा. हाडं ठिसूळ आहेत का (पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असतील, स्टेरॉइड चालू असतील तर आधीच सांगा). सिगारेट-तंबाखू आहे का, कारण निकोटीन हाड जुळू देत नाही, आणि लॅपिडसमध्ये तर भारीतली भारी प्लेटही त्याच्यापुढे हात टेकते. डायबेटिस आणि पायाला बधिरपणा आहे का, असेल तर बाहेर टोक ठेवलेली तार धोक्याची, कारण लागलेलं कळतच नाही. काम बसून आहे का उभं राहून. उजवा पाय आहे का, गाडी चालवायची असेल तर साधारण सहा आठवडे तरी विसरा, आणि नंतरही जोरात ब्रेक दाबता येतो का ते आधी उभ्या गाडीत तपासा.

मग सर्जनला हे विचारा: हा कट का, दुसरा का नाही. आत जे घालणार ते नंतर काढावं लागेल का, का फक्त टोचलं तरच. पहिल्या दिवसापासून टाचेवर वजन चालेल का, आणि चवड्यावर कधी. अंगठा हलवायला कधी सुरू करायचं. आणि सगळ्यात शेवटी, तुम्ही नेहमी हेच वापरता का? हा शेवटचा प्रश्न लाजून सोडू नका. रोज क्रॉस स्क्रू घालणाऱ्या हाताकडून क्रॉस स्क्रूच घ्यावेत. कोणाला फॅशन म्हणून पहिल्यांदाच नवी प्लेट लावायला लावू नये, कारण हाड किती सरकवलं आणि कोन किती सुधारला यावर निकाल जास्त ठरतो, आणि ते काम स्क्रू घालायच्या आधी झालेलं असतं. बनिअन परत उलटतं त्यातल्या पुष्कळ केसेसमध्ये फिक्सेशन ठणठणीत असतं, दुरुस्तीच अपुरी असते.

पायरी ६: पहिले सहा आठवडे

शेव्हरॉन-स्कार्फमध्ये कडक सपाट तळाचा सर्जिकल बूट घालून टाचेवर लगेच चालायला देतात. लॅपिडसला पूर्वी सरसकट सहा आठवडे पाय टेकवायचा नाही असं असायचं, आता फिक्सेशन बघून कुणी दोनेक आठवड्यांतच बूट घालून टेकवायला देतं, कुणी अजूनही सहा. शेजारच्या बेडवरच्या पेशंटला चालायला दिलं म्हणून आपण चालायचं नाही.

पहिले दोन आठवडे पाय छातीच्या वर, म्हणजे खुर्चीसमोर स्टूल नाही, आडवं पडून खाली दोन-तीन उशा. बोटांची ड्रेसिंग पट्टी नुसती जखम झाकायला नसते, विशेषतः छोट्या भोकांच्या ऑपरेशनमध्ये ती अंगठ्याला दिशा देते, आणि एकिनला आत काहीच घातलं नसेल तर तीच फिक्सेशन. घरी सोडून परत आपल्या मनाने बांधू नका. परवानगी मिळाली की अंगठा हाताने वर-खाली हळूहळू, बाजूला ओढायचा नाही. सूज सहा महिने, काहींची वर्षभर राहते, बुटाचा नंबर तोवर ठरवू नका.

पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला तर रात्र असली तरी दवाखान्यात, तो गुठळीचा प्रकार असू शकतो. जखमेतून पू, ताप, वाढत जाणारा ठणका, अचानक कट्ट आवाज येऊन अंगठ्याची दिशा बदलणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. अंगठ्याच्या आतल्या कडेला थोडी बधिरता मात्र बऱ्याच जणांना येते आणि हळूहळू कमी होते.

पायरी ७: डिस्चार्जच्या दिवशी स्टिकर मागून घ्या

हे फार थोडे लोक करतात. प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, साइज, मटेरियल आणि लॉट नंबर असलेली स्टिकरं येतात, त्यातलं एक ऑपरेशनच्या नोंदीत चिकटवतात. त्याची झेरॉक्स किंवा फोटो घ्या आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक्सरेसोबत ठेवा. कारण असं की स्क्रूच्या माथ्याच्या खाचा सगळ्यांच्या सारख्या नसतात, कुणाची षटकोनी, कुणाची ताऱ्यासारखी, मापंही वेगवेगळी. पाच वर्षांनी स्क्रू टोचायला लागला आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या सर्जनने काढायचं ठरवलं, तर त्याच्याकडे त्याच मापाचा स्क्रूड्रायव्हर असायला लागतो, नसला की दहा मिनिटांचं काम हाड कोरून काढण्यावर जातं. एमआरआयच्या आधीही हेच विचारतात की आत काय आहे. फोनमधला फोटो फोनबरोबर हरवतो, तेव्हा घरातल्या अजून एकाला पाठवून ठेवा.